दूरचे पाहताना : दुर्बिणीची पारख
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयापासून नाट्यसंगीतापर्यंतचे विषय झाले. त्यांच्या पंक्तीला आमचा ‘दुर्बीण’ हा विषय येऊन बसल्यावर चिटणीसांनी किंचित चिंतेनेच विचारले, ‘साहेब, आपण विज्ञान शाखेचे काय?’ नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर. शालान्त परीक्षेनंतर भिंग आणि आरसा यांच्याशी आमचा संबंध आला तो चष्म्यापुरता आणि दाढीपुरता. तरीही हा विषय आम्ही निवडला, कारण या बाबतीत आम्ही एकदा फसलो आहोत. त्या फसण्याची किंमत आम्ही भरली नाही. ती आमच्या आईने भरली. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

आमची बदली डेहराडूनला झाली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी आई गावाहून आमच्याकडे राहावयास आली. केदारनाथाचे दर्शन घ्यावे ही तिची जुनी इच्छा. परंतु गुडघ्यांनी ती केव्हाच मोडीत काढली होती. तेव्हा मसुरीला लाल टिब्ब्यावर जाऊन हिमशिखरांचे निदान दुरून दर्शन घडवावे असा बेत आम्ही आखला. त्या उंचीवरून सुमारे ७५ किलोमीटरवर बंदरपूंछ आणि शंभरएक किलोमीटरवर केदारनाथचे शिखर. लंकादहनानंतर मारुतीने शेपटीची आग बंदरपूंछवर विझवली अशी इकडची लोकश्रद्धा आहे, आणि आई शनिवार करणारी. हौसेने आम्ही एका प्रदर्शनातील दुकानातून दुर्बीण घेतली. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘३०×६०’ असे छापलेले होते, भिंगे माणकासारखी लालभडक होती आणि किंमतही बेताची होती. गच्चीत उभे राहून आईने ती डोळ्यांना लावली, बराच वेळ इकडे तिकडे फिरवली आणि म्हणाली, ‘दिसलं हो, छान दिसलं.’ आम्ही कृतकृत्य झालो.

चार महिन्यांनी, आई गावी परतल्यावर, आमच्या कन्येने खरी गोष्ट सांगितली. त्याच रात्री आजी तिला म्हणाली होती, ‘हिरवट-काळं काहीतरी हलत होतं गं. पण तुझ्या बाबाने एवढ्या हौसेने आणलं होतं, त्याला कसं सांगू?’

त्या दिवशी आम्ही फूटपट्टी घेऊन बसलो. ज्या भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर असावयास हवा होता, तो भरला २५. त्यानंतर आम्ही या विषयाचा पिच्छा पुरविला. पुढे खात्याच्या खरेदी समितीवर काम करताना दुर्बिणी आणि रात्रीची उपकरणे हाताळण्याची संधी मिळाली. त्यातून जे शिकलो, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

‘दुर्बीण’ हा शब्द मूळ फारसी. त्याचा अर्थ दूरचे पाहणारी. १६०८ साली हॉलंडमधील चष्मेवाले हान्स लिपर्शे यांनी अशा नळीच्या एकाधिकारासाठी अर्ज केला आणि पुढल्याच वर्षी गॅलिलिओने ती आकाशाकडे वळविली. दोन्ही डोळ्यांनी पाहावयाच्या आजच्या दुर्बिणीचा मार्ग मात्र इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये खुला केला. दोन्ही भिंगे बहिर्वक्र असलेल्या साध्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते. पोरोंनी काचेच्या दोन लोलकांत प्रकाश वळवून ती सुलटी केली आणि लांब नळी दुमडून आखूडही केली. १८९४ पासून येना येथील झाइस कारखान्याच्या लोलक-दुर्बिणी बाजारात आल्या. खांद्याशी रुंद आणि डोळ्यांशी अरुंद अशी जी दुर्बीण आपण जुन्या चित्रपटांतील सेनाधिकाऱ्याच्या हाती पाहतो, ती पोरोंच्या रचनेची. सरळ नळ्यांची दुर्बीण छपराच्या आकाराचे लोलक वापरते. ती सुटसुटीत असते. परंतु तितकीच चांगली बनविण्यास अधिक कौशल्य लागत असल्याने महाग पडते. हाती पैसा बेताचा असेल, तर पोरोंची जुनी रचना अधिक इमानी ठरते.

आता दुर्बिणीवरील आकडे. ‘८×४०’ याचा अर्थ असा की वस्तू आठ पट जवळ आल्यासारखी दिसेल आणि पुढील भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. ग्राहक पहिला आकडा पाहून भुलतो. आठापेक्षा बारा बरे, बारापेक्षा तीस बरे, हा हिशेब दुधाच्या मापाला ठीक आहे. दुर्बीण मात्र जेवढे दृश्य मोठे करते, तेवढाच आपल्या हाताचा कंपही मोठा करते. दहा पटींच्या पुढे बहुतेकांच्या हातांत चित्र स्थिर राहत नाही, तिवई लागते. शिवाय पट वाढली की दृश्याचा घेर आकसतो. आठ पटींच्या चांगल्या दुर्बिणीतून हजार मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. अधिक पटींच्या दुर्बिणीत तो निमुळता होत जातो. उडता पक्षी सापडण्यापूर्वीच झाडाआड जातो. आमच्या आईला शिखर सापडले नाही, याचे पहिले कारण हेच.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले, की निवडीची खरी किल्ली हाती येते. ४० भागिले ८ म्हणजे ५. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे रोखली, की डोळ्याकडील भिंगात प्रकाशाचा एक गोल ठिपका तरंगताना दिसतो. त्या ठिपक्याचा व्यास हा पाच मिलिमीटर. दुर्बिणीने गोळा केलेला सारा प्रकाश या ठिपक्यातून आपल्या डोळ्याच्या बाहुलीत शिरतो. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटर एवढीच उघडी असते. तेथे मोठा ठिपका वाया जातो आणि लहानशी दुर्बीणही पुरते. संधिप्रकाशात बाहुली उघडते आणि मोठ्या ठिपक्याचा उपयोग होतो. म्हणूनच दर्यावर्दी लोक ७×५० ची दुर्बीण वापरीत आले. तिचा ठिपका सात मिलिमीटरचा.

परंतु येथे आमच्या वयाच्या श्रोत्यांनी सावध व्हावे. तरुणाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीनंतर ती बहुधा पाचाच्या आसपास थांबते. मग सात मिलिमीटरच्या ठिपक्यातील कडेचा प्रकाश बाहुलीबाहेरच सांडतो. पन्नास मिलिमीटरचे भिंग विकत घ्यावयाचे, त्याचे ओझे गळ्यात वागवावयाचे आणि प्रत्यक्षात पस्तीसच वापरावयाचे! म्हणून दुकानात जाताना आपले वय सोबत न्यावे. आमच्या मते कुटुंबासाठी ८×३० ते ८×४२ एवढ्या टापूतील दुर्बीण सर्वांत उपयोगी. आसन बंधाऱ्यावर हिवाळ्यात उतरणारे चक्रवाक पाहावयास तीच पुरते. सुटीत घरी गेल्यावर भिगवणच्या जलाशयावर तेच पक्षी भेटले, तर तेथेही तीच कामास येते.

आता भिंगांच्या लेपाविषयी. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. चार टक्के म्हणजे क्षुल्लक, असे वाटेल. परंतु दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा ते सोळा पृष्ठभाग असतात. सोळा वेळा चार-चार टक्के कटत गेले, की निम्माच प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. पगारातून कपाती होत होत हाती काय उरते, याचा अनुभव येथे अनेकांना असेलच. १९३५ मध्ये झाइसमधील शास्त्रज्ञ स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म लेप देऊन ही गळती रोखण्याची युक्ती शोधली. आज सर्व पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप दिलेली दुर्बीण सर्वोत्तम मानतात. तिच्या भिंगात पाहिले असता हिरवट-जांभळी, अगदी मंद झाक दिसते. भिंग जितके काळसर आणि खोल दिसेल तितके चांगले. लालभडक भिंग तांबडा प्रकाश परत फेकते, आत जाऊ देत नाही. त्यामुळे दृश्य हिरवट आणि अंधारलेले दिसते. आईचे ‘हिरवट-काळं’ अक्षरशः खरे होते.

दुकानात करावयाच्या चार परीक्षा सांगतो. त्यांस पैसा लागत नाही, फक्त संकोच सोडावा लागतो.

पहिली परीक्षा त्या प्रकाशाच्या ठिपक्याची. तो पूर्ण गोल असावा. त्याच्या कडा चौकोनी होऊन राखाडी दिसल्या, तर आतील लोलक हलक्या काचेचे आहेत असे समजावे. माहितीपत्रकात लोलकांची काच ‘बाक-४’ असल्याचा उल्लेख असेल, तर ती चांगली. ‘बीके-७’ ही तिच्याहून हलकी.

दुसरी परीक्षा दुकानाबाहेर, रस्त्यावर येऊन करावी. दूरच्या विजेच्या खांबावर किंवा तारेवर दुर्बीण रोखावी. दोन खांब दिसले, किंवा एक दिसूनही मिनिटाभरात कपाळ ठणकू लागले, तर दोन्ही नळ्या परस्परांशी समांतर नाहीत. हा दोष घरी दुरुस्त होत नाही.

तिसरी परीक्षा चष्मेवाल्यांसाठी. चष्मा न काढता दृश्याचे पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. त्यासाठी डोळा भिंगापासून पंधरा मिलिमीटर किंवा अधिक दूर असूनही चित्र पुरे दिसावे लागते, आणि डोळ्याकडील रबरी कडा दुमडता अथवा फिरवून खाली घेता आल्या पाहिजेत.

चौथी परीक्षा जुळणीची. प्रथम नळ्यांमधील अंतर आपल्या डोळ्यांइतके करावे. मग उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे. त्यानंतर डावी बाजू झाकून उजव्या भिंगावरील कडे फिरवून उजव्याचे करावे. हे कडे कशासाठी असते, हे ठाऊक नसल्याने चांगल्या दुर्बिणीही अनेक घरांत माळ्यावर पडून आहेत.

घरी आणल्यावरची काळजी थोडी, परंतु नियमाने घ्यावयाची. भिंगावरील धूळ आधी फुंकणीने उडवावी, मगच मऊ फडक्याने पुसावे. धोतराच्या सोग्याने कदापि नाही. नायट्रोजन भरून बंद केलेल्या दुर्बिणीच्या आत दमट हवा शिरत नाही. तशी नसेल, तर पावसाळ्यात, विशेषतः कोकणात पाठविताना, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. भिंगावर एकदा बुरशीची जाळी चढली, की ती काच खाते.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगावयाची आहे. २१ जून २०२० रोजी कंकणाकृती सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या डेहराडूनवरून गेला. त्या दिवशी शेजारच्या गच्चीवर दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने दुर्बीण सूर्याकडे वळविली. आजोबांनी धावत येऊन त्याचा हात खाली ओढला, म्हणून निभावले. दुर्बीण सूर्यप्रकाश गोळा करून दृष्टिपटलावर एकवटते. क्षणार्धात ते जळते, आणि जळताना वेदना होत नाही. काळा चष्मा किंवा क्ष-किरणाची फिल्म येथे उपयोगी नाही. घरात दुर्बीण आणाल त्या दिवशी मुलांना पहिला नियम हाच शिकवावा.

सूर्य वर्ज्य, तरी रात्रीचे आकाश खुले आहे. कृत्तिकांत नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात. साध्या दुर्बिणीतून ते कित्येक पटींनी वाढतात. पुष्य नक्षत्रातील धुरकट डाग दुर्बिणीत ताऱ्यांचा पुंजका होतो. कोपरे कठड्यावर टेकविले, तर गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चंद्रही दिसतात.

येथे अनेकांचा गैरसमज होतो. दुर्बिणीने रात्रीचे तारे वाढतात, तेव्हा अंधारातील मैदानही उजळेल असे वाटते. तसे होत नाही. साधी दुर्बीण आहे तो प्रकाश गोळा करते. मैदान मोठे दिसते, परंतु नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून उजळ दिसत नाही. त्यासाठी निराळी उपकरणे लागतात आणि ती तीन जातींची आहेत. बाजारात तिन्ही एकाच नावाने विकली जातात, हा खरा घोटाळा.

पहिली जात प्रकाश वाढविणारी. ताऱ्यांचा अंधुक प्रकाश एका पातळ थरावर पडतो आणि तेथून इलेक्ट्रॉन सुटतात. केसाहूनही बारीक अशा लक्षावधी छिद्रांच्या काचेच्या चकतीतून ते विद्युत्दाबाने ढकलले जातात. छिद्रांच्या भिंतींवर आपटत एकाचे अनेक, अनेकांचे हजारो होतात आणि पडद्यावर आदळून हिरवे चित्र उमटवितात. हिरवे अशासाठी, की मानवी डोळा त्या रंगास सर्वाधिक संवेदनशील आहे. अलीकडे पांढरे पडदेही निघाले आहेत. दुसऱ्या महायुद्धातील अशा उपकरणांना सोबत अवरक्त दिवा लागे. व्हिएतनाम युद्धात ताऱ्यांच्या प्रकाशावर चालणारी आली. छिद्रांची चकती त्यानंतरच्या पिढीतली, आणि गॅलियम आर्सेनाइडचा थर त्याही पुढल्या पिढीतला. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की या नळ्या आज आपल्या पुण्यात बनतात, आणि सेनेची दृष्टिसाधने घडविणारे कारखाने व संशोधन संस्था आपल्या या डेहराडूनमध्ये आहेत. येथील आयुध निर्माणी १९४३ पासूनची. ती २०२१ पासून ‘इंडिया ऑप्टेल’ या सरकारी कंपनीत आहे. मात्र लक्षात ठेवावे : हे उपकरण प्रकाश वाढविते, निर्माण करीत नाही. बंद तळघरातील निखळ काळोखात तेही आंधळेच.

दुसरी जात डिजिटल. हा मूलतः कॅमेरा असून सोबत अवरक्त दिवा असतो. सामान्य ग्राहकास बाजारात ‘नाइट व्हिजन’ म्हणून मिळते ते बहुधा हेच. दिव्याचा झोत जाईल तेथवर दिसते, पुढे नाही. आणि धुके असेल तर झोत धुक्यावरूनच परततो. बागेतील साळिंदर पाहावयास हे पुरे आहे.

तिसरी जात उष्णता पाहणारी. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडते. ते टिपून हे उपकरण चित्र काढते. त्याला प्रकाशाची गरजच नाही. झुडपाच्या फटीतून उब दिसली, तरी हे जनावर शोधून काढते. परंतु साधी काच हे किरण अडविते. म्हणून याचे भिंग बहुधा जर्मेनियमचे असते आणि बंद खिडकीतून बाहेरचे काही दिसत नाही. चेहरा ओळखू येत नाही, पाटी वाचता येत नाही.

खरेदी समितीपुढे एका विक्रेत्याने ठामपणे सांगितले होते, ‘दोन किलोमीटरवरचा माणूस दिसतो.’ आम्ही रात्री मैदानात चाचणी ठेवली. दोन किलोमीटरवर खरोखरच काही दिसले. तीन-चार पांढरे ठिपके. तो माणूस आहे की वासरू, हे समितीतील कोणीही सांगू शकले नाही. विक्रेता खोटे बोलत नव्हता. अपुरे बोलत होता. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये या ‘दिसण्या’ची फोड करून ठेवली आहे. काहीतरी आहे एवढे कळण्यास त्या वस्तूच्या आकारात काळ्या-पांढऱ्या रेघांची एक जोडी मावली तरी पुरते. ते काय आहे हे कळण्यास सुमारे चार जोड्या लागतात, आणि नेमके कोण हे ठरविण्यास सहाहून अधिक. म्हणून माहितीपत्रकातील अंतराला चाराने भागावे, म्हणजे दोन किलोमीटरचे पाचशे मीटर होतात. ‘आहे’ आणि ‘कोण आहे’ यांतील हे अंतर पहारेकऱ्याच्या दृष्टीने जीवनमरणाचे असू शकते.

अशी उपकरणे देशाबाहेर नेण्या-आणण्यावर सरकारी निर्बंध असतात. व्यवहारापूर्वी ते समजून घ्यावेत. आणि साधन कोणतेही असो, ते शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळवू नये, हा नियम कायद्याने सांगावा लागू नये.

आता आईची गोष्ट पुरी करून आपली रजा घेतो. पुढल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या नोव्हेंबरात ती पुन्हा आली. या वेळी आमच्या गळ्यात ८×३० ची साधी, काळ्या भिंगांची दुर्बीण होती. सकाळच्या स्वच्छ हवेत आम्ही लाल टिब्ब्यावर पोहोचलो. तिला खुर्चीवर बसविले, तिची कोपरे कठड्यावर टेकविली, तिच्या डोळ्यांप्रमाणे कडे फिरविले आणि विचारले, ‘आई, काय दिसतंय ते सांग.’ ती म्हणाली, ‘पांढरं.’ आम्ही चाक किंचित फिरविले. मग ती थांबली. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘दोन शेंडे आहेत. मधे खोलगट. डाव्या अंगाला सावली पडली आहे.’ ते बंदरपूंछच होते. तिने दुर्बिणीसकटच हात जोडले आणि मग आमच्याकडे वळून म्हणाली, ‘एवढं स्वच्छ दिसतं? मग मागल्या खेपेला मला काय रे दाखवलंस?’

उत्तर आमच्यापाशी नव्हते. पहिल्या खेपेस चूक केवळ दुर्बिणीची नव्हती. ‘दिसलं का?’ असे विचारून आम्ही तिच्या ‘हो’वर समाधान मानले होते, ‘काय दिसलं?’ हे विचारलेच नव्हते. दुर्बीण घ्याल तेव्हा आकडे तपासा, ठिपका पाहा, लेप पाहा. पण ती दुसऱ्याच्या हाती द्याल, तेव्हा त्यांना काय दिसते आहे, हे जरूर विचारा.

 सभागृहाबाहेरील टेबलावर चार निरनिराळ्या दुर्बिणी मांडून ठेवल्या आहेत. आमची ती लालभडक ‘३०×६०’सुद्धा त्यांत आहे. चहा घेता घेता सर्वांनी पाहून घ्याव्यात, आणि काय दिसले ते आम्हांला येऊन सांगावे.